विचारा की! या वेळी: बॉल कुशीत घेऊन पळणारा माणूस

मागच्या अंकात सुपर बोलवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या फायनलवर, सहज चार ओळी लिहिल्या आणि मेसेजचा ढीग पडला, त्यातले निम्मे एकाच माणसाबद्दल, बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकबद्दल. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याचेच. क्रिकेटवाल्यांनी रुसू नये, पुढचा अंक तुमचाच आहे.

प्रश्न: आमचे चिरंजीव अभ्यासाला कधी पहाटे उठले नाहीत, पण सुपर बोलच्या सोमवारी पाचला उठून मोबाइल लावून बसले. मीही चहा घेऊन बाजूला बसले. एक जण बॉल घेतो, चार पावलं जातो, सगळे त्याच्या अंगावर पडतात, उठून परत तेच. यात बघायचं काय? (एक आई, विक्रोळी)

उत्तर: ताई, कबड्डी बघितलीय ना? मग अर्धं काम झालं. हा चढाईवालाच समजा, फक्त याला परत मध्यरेषेकडे यायचं नसतं, पुढेच जायचं असतं, आणि समोर सात नाही तर अकरा जण. क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा डाव चालवणारा गडी, त्याच्या पोटात बॉल कोंबतो, पुढे आपलेच पाच धिप्पाड गडी समोरच्यांना रेटत असतात, त्या रेटारेटीत कुठेतरी एक फट पडते आणि पापणी लवायच्या आत बुजते, तेवढ्यात याने घुसायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे सरकलं की नवीन चार प्रयत्न मिळतात, म्हणून ती चार पावलं फुकटची नाहीत हो. जिम ब्राउन हा या खेळातला दादा माणूस, नऊ सीझन खेळला आणि त्यातल्या आठांत लीगमध्ये सगळ्यात जास्त पळाला, त्याची आख्ख्या करिअरची सरासरी होती एका धावेला ५.२ यार्ड. बस, एवढीच.

आणि चिरंजीवांना म्हणावं सेक्वॉन बार्कलीचा नोव्हेंबर २०२४ चा जॅक्सनव्हिलविरुद्धचा तो क्लिप दाखव. पहिल्याला चुकवतो, दुसऱ्यासमोर गर्रकन फिरतो, फिरल्यामुळे पाठ समोर येते आणि तेवढ्यात तिसरा पाय धरायला खाली वाकलेला असतो, तर हा माणूस तसाच पाठमोरा, मागे न बघता, त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे. मी तो पंधरा वेळा बघितला, बायको म्हणाली आता पुरे, भाजी आणा.

प्रश्न: माझी उंची पाच फूट आठ इंच, मित्र म्हणतात हा खेळ राक्षसांचा. खरं का? (बारावीतला वाचक, परळ)

उत्तर: बॅरी सँडर्सची उंची तुझ्याएवढीच. सव्वासहा फुटी गड्यांच्या मागे तो दिसायचाच नाही, दिसायचा तोपर्यंत निघून गेलेला असायचा. मांड्या मात्र तुझ्यासारख्या नसणार, त्या बनव.

प्रश्न: सचिन चाळिशीपर्यंत खेळला, मग हे लोक अठ्ठावीस-तिशीत म्हातारे कसे होतात? पोरगं मला म्हणतं, बाबा, रनिंग बॅक तिशीला संपतो. मला हे पटत नाही. (एक वडील, डोंबिवली)

उत्तर: दादा, पोरगं बरोबर बोलतंय. फलंदाजाच्या अंगावर बॉल येतो तो कधीतरी, याच्या अंगावर दर धावेला माणसं येतात, आणि तीही शंभर-सव्वाशे किलोची, पळत. एमिट स्मिथ १९९० ते २००४ खेळला, १८,३५५ यार्ड पळाला, तो रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाही, पण त्यासाठी त्याने बॉल घेतला ४,४०९ वेळा. आता त्यातल्या बहुतेक वेळा शेवटी कोणीतरी त्याला आपटलंय हे डोळ्यासमोर आणा. मोटारीला किलोमीटर असतात तसे या लोकांना धक्के मोजतात, आणि वयापेक्षा तेच जास्त खरं.

त्यात गुडघा. हे मी जरा अधिकाराने सांगतो कारण माझाही गेलाय. लालबागला मंडळाच्या मॅटवर हूल द्यायला डावा पाय रोवला, अंग उजवीकडे वळलं आणि पाय तिथेच राहिला. टक् असा आवाज आला, आधी दुखलं पण नाही, मी उठून उभा राहायला गेलो तर गुडघा दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बाजूला सरकला. डॉक्टरांनी सांगितलं मुका मार आहे, शेक घ्या. चार महिने शेक घेतला मी, नंतर एमआरआय केला तर लिगामेंट तुटलेलं. अजून दादरचा पूल उतरताना कठडा धरून उतरतो, मागचे लोक शिव्या घालतात. तर रनिंग बॅकचं सगळं कसबच त्या पाय रोवून वळण्यात असतं, म्हणजे जे त्याला भाकरी देतं तेच गुडघा खातं.

टेरेल डेव्हिसचं बघा. टीम कॉलेजची पोरं फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, त्यात १९९५ ला सहाव्या फेरीत, १९६ व्या नंबरवर उचललेला पोरगा, म्हणजे जवळजवळ उरलासुरला. सुपर बोलमध्ये मायग्रेनने मध्येच दिसेनासं झालं तरी परत येऊन १५७ यार्ड पळाला आणि सामनावीर झाला. १९९८ ला ३९२ वेळा बॉल घेऊन २,००८ यार्ड. आणि पुढच्याच वर्षी चौथ्या मॅचमध्ये गुडघा गेला, तोही बॉल घेऊन पळताना नाही, आपल्या टीमचा पास समोरच्याने पकडला म्हणून त्याला अडवायला धावला तेव्हा. सगळं करिअर ७८ मॅचचं. हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २०१७ ला.

अपवाद आहेत, नाही असं नाही. ॲड्रियन पीटरसनचा गुडघा २०११ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी फाटला आणि पुढच्या सीझनला हा गडी २,०९७ यार्ड पळाला, एरिक डिकरसनच्या १९८४ च्या २,१०५ च्या एका सीझनच्या रेकॉर्डला फक्त आठ कमी. फ्रँक गोरचे तर कॉलेजमध्येच दोन्ही गुडघे जाऊन आले होते, तो १६ सीझन खेळला आणि बरोब्बर १६,००० यार्डांवर थांबला. पण अशी उदाहरणं दाखवून पोराला आशा लावू नका.

प्रश्न: एवढा मार खातात तर पैसा सगळ्यात जास्त यांनाच मिळत असेल ना? (बँकेतला वाचक, मुलुंड)

उत्तर: उलट आहे, आणि इथेच मला राग येतो. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये घेत नाहीत, म्हणजे आला तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा. पहिलं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं आणि रक्कम कितव्या नंबरवर निवडलं त्यावर आधीच ठरलेली, मग तुम्ही जग जिंका. पहिल्या फेरीतला असेल तर टीम पाचवं वर्षही आपल्या मर्जीने वाढवते, त्यापुढे फ्रँचाइझ टॅग नावाचं एक प्रकरण आहे, ते लावून अजून एक वर्ष अडकवते, तोवर वय झालं सत्तावीस आणि गुडघ्याचे बारा वाजलेले. मग टीम म्हणते, आता तुला मोठे पैसे कशाला देऊ, बावीसचा नवीन पोरगा स्वस्तात येतो. आमच्या गिरणगावात बदली कामगार ठेवायचे त्याची आठवण येते.

बार्कलीला त्याच्या आधीच्या टीमने, जायंट्सनी, हेच केलं, २०१८ ला दुसऱ्या नंबरवर घेतलेला, २०२० ला गुडघा गेला, २०२३ ला टॅग लावला, मग सोडला. तो गेला त्यांच्याच गटातल्या ईगल्सकडे आणि पहिल्याच सीझनला २,००५ यार्ड पळाला, आणि आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी सुपर बोल जिंकला. त्यानंतर कुठे वर्षाला २ कोटी डॉलरच्या वर गेलेला तो पहिला रनिंग बॅक झाला. आणि क्वार्टरबॅक? डॅक प्रेस्कॉटला वर्षाला ६ कोटी. आता तुम्हीच व्याज काढा.

प्रश्न: बॅरी सँडर्स रेकॉर्ड हाताशी असताना सोडून गेला म्हणतात, वेडा होता का? (कॉलेजमधली वाचक, गिरगाव)

उत्तर: माझ्या मते सगळ्यात शहाणा. वय ३१, वॉल्टर पेटनच्या १६,७२६ यार्डांच्या तेव्हाच्या रेकॉर्डपासून १,४५७ यार्ड लांब, म्हणजे त्याच्यासाठी एका सीझनचं काम, आणि १९९९ च्या जुलैत गावच्या पेपरला एक फॅक्स पाठवून मोकळा झाला. पत्रकार परिषद नाही, रडारड नाही. दहा वर्षांत त्याच्या डेट्रॉइट टीमने प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, एकच मॅच जिंकली होती, कोणासाठी पळायचं? टचडाउन केल्यावर, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेल्यावरही नाचायचा नाही, बॉल शांतपणे रेफ्रीच्या हातात द्यायचा. तरी आवडता कोण विचारशील तर पेटनच, तेरा सीझनमध्ये एकच मॅच चुकली आणि सुट्टीत घराजवळच्या टेकडीवर पळत सुटायचा, बरोबर आलेले ओकायचे. ऐन चाळिशीत यकृताच्या आजाराने गेला. असो.

प्रश्न: मुंबईत हे खेळायचं तर? (बरेच जण)

उत्तर: हेल्मेट-पॅडवालं विसरा, खर्च आणि हाडं दोन्ही परवडणार नाहीत. फ्लॅग फुटबॉल बघा, पाच-पाच जणांचा, कमरेला दोन पट्ट्या लावायच्या, बॉलवाल्याची पट्टी ओढली की त्याची धाव तिथेच संपली, अंगाला धक्का नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला आहे, पुरुषांचा आणि बायकांचाही. हूल द्यायला येत असेल तर कबड्डी-खोखोवाल्यांना अर्ध्या तासात जमतं, आमच्या मंडळाच्या पोरींनी कमरेला जुन्या ओढणीचे तुकडे खोचून खेळून बघितलं आणि पोरांना हरवलं. शिवाजी पार्कात संध्याकाळी क्रिकेटवाले पाय ठेवू देत नाहीत, सकाळी सातच्या आधी या, मी कट्ट्यावर बसलेला असेन.