बीएसएफचं हेलिकॉप्टर उडवायचंय? आधी पायलट हो

तासगावहून विचारलंयस की बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, बीएसएफमध्ये हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय आणि सांगलीतली एक अकॅडमी 'बीएसएफ पायलट बॅच'ची फी मागतेय, भरू का? भरू नकोस. नवख्या पोराला घेऊन शून्यापासून उडायला शिकवणारी भरती बीएसएफ काढत नाही. मग ही बॅच कशाची, ते त्यांनाच विचार.

एअरफोर्समध्ये हेलिकॉप्टरच्या तांत्रिक शाखेत नोकरी झाली, तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो. बीएसएफचा एअर विंग १९६९ पासून आहे, गृह खात्याच्या अखत्यारीत. एमआय-१७, ध्रुव, चीता ही त्यांची यंत्रं. सीमेवरच्या चौक्यांना रसद, नक्षली भागातून जखमी जवान उचलणं, एनडीआरएफची ने-आण, सगळं त्यांच्याकडे. या कामाला लागतो तो तयार, उड्डाणाचे तास भरलेला पायलट. त्यामुळे बहुतेक जण सैन्यदलांतून प्रतिनियुक्तीवर येतात, नाहीतर तिथून निवृत्त होऊन कंत्राटावर.

यूपीएससीची सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची) परीक्षा देऊन बीएसएफमध्ये असिस्टंट कमांडंट होता येतं, वय २० ते २५. पण ती नोकरी जमिनीवरची. खात्याने पुढेमागे एखाद्या अधिकाऱ्याला उडायला पाठवलं तरी त्या भरवशावर आयुष्य बेतू नये.

तुझा खरा रस्ता एअरफोर्सचा. पदवीला ६० टक्के आणि बारावीला गणित-फिजिक्समध्ये प्रत्येकी ५० टक्के असतील तर एएफकॅट, म्हणजे एअरफोर्सची अधिकारी भरतीची परीक्षा दे. फ्लाइंग शाखेसाठी कोर्स सुरू होताना वय २० ते २४ लागतं, म्हणजे तुझ्या हातात वेळ आहे. हैदराबादजवळ दुंडीगलला सुरुवातीचं प्रशिक्षण, पुढे हेलिकॉप्टर मिळालं तर हकीमपेट. शॉर्ट सर्व्हिस १४ वर्षांची. ती संपते तेव्हा माणूस चाळिशीच्या अलीकडे आणि गाठीशी भरपूर तास. बीएसएफला नेमका असा माणूस हवा असतो. सीमाच राखायची असेल तर कोस्ट गार्डही बघ, तिथे पायलटची थेट भरती होते आणि चेतक-ध्रुव दोन्ही आहेत.

वडील द्राक्षबाग गहाण टाकून खासगी लायसन्स काढायला तयार आहेत म्हणतोस. त्यांना थांबव. विमानापेक्षा हेलिकॉप्टरचा तास कितीतरी महाग पडतो आणि नुसतं लायसन्स हातात असलेल्या कोऱ्या पायलटला सहसा कोणी उभं करत नाही. द्राक्षाचं काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता अकॅडमीवाले सांगत नाहीत ते. एसएसबीबरोबर (लेखीनंतरची अधिकारी निवडीची मुलाखत) फ्लाइंगसाठी सीपीएसएस ही चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालास की तिन्ही दलांत उडण्याचा विषय संपला. हात, पाय आणि डोळे एकाच वेळी चालतात का, हे त्यात बघतात. का बघतात, ते हॉव्हर करणारा, म्हणजे हवेत एका जागी यंत्र धरून ठेवणारा नवा पायलट पाहिला की समजतं. डाव्या हाताने कलेक्टिव्ह, म्हणजे उंचीचा दांडा जरा वर घेतला की यंत्र उचलतं आणि नाक वळायला लागतं. ते पेडलने धरावं तर यंत्र बाजूला सरकतं, की उजव्या हातातली सायक्लिक, म्हणजे दिशेची दांडी हलवायची. ती हलवली की उंची ढळते, परत कलेक्टिव्ह. यात विचार करायला सवड नसते. पोरं घामाने भिजून उतरायची.

मेडिकलमध्ये उंची किमान १६२.५ सेंमी, पायाची लांबीही मोजतात. सगळ्यात जास्त पोरं डोळ्यांवर अडतात. फ्लाइंगला दूरचा चष्मा चालत नाही आणि वयाची २० वर्षं व्हायच्या आधी लेसर करून घेतलंस तर कायमचा बाद. म्हणून कुणी 'आत्ताच करून टाक' म्हटलं तरी ऐकू नको. येत्या सुट्टीत मिरजेला जाऊन नंबर आणि रंग ओळखण्याची तपासणी करून घे. रिपोर्ट काय आला ते इथेच लिही, मग एएफकॅटच्या अभ्यासाचं बोलू.