समुद्र ज्वालामुखीला विझवत का नाही?

प्रश्न : अंदमानजवळच्या बॅरन बेटावर जागृत ज्वालामुखी आहे. चारही बाजूंनी समुद्र असताना तो विझत कसा नाही? आणि तो बघायला जाता येतं का?
– सहावीतली एक वाचक

उत्तर : अगं, विझायला आधी काहीतरी पेटलेलं हवं ना! ज्वालामुखीत काहीच जळत नसतं. मुलांच्या चित्रांत डोंगराच्या टोकाला हमखास ज्वाळा असतात; शिक्षक म्हणून अशी चित्रं मी ढिगानं तपासली आहेत. खरं तर बाहेर येतो तो वितळलेला खडक, हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला. तो समुद्राला भिडला की वाफेचे लोट उठतात आणि लाव्हाची साल काळी पडून कडक होते. पाणी त्याला थंड करतंच. पण तो येतो कुठून? समुद्रतळाच्याही कितीतरी खालून. तिथवर समुद्राचा हात पोचत नाही.

आता खरी गंमत ऐक. तो खडक वितळतो तोच मुळी पाण्यामुळे! अंदमानच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, शेजारच्या बर्मा भूपट्टाखाली सरकतो आहे. खाली जाताना तो खनिजांत अडकलेलं पाणीही सोबत नेतो. खोलवर, दाब आणि उष्णता वाढली की ते पाणी सुटतं आणि वरच्या तप्त खडकात मुरतं. मीठ टाकलेला बर्फ शून्याखालीही वितळतो ना, तसाच पाणी मुरलेला खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो आणि वर चढू लागतो.

पाण्यावर दिसणारं बेट जेमतेम साडेतीनशे मीटर उंच आहे. उरलेला डोंगर पाण्याखाली दोन किलोमीटरहून खोल गेलेला. दीडशेहून जास्त वर्षं गप्प बसून हा ज्वालामुखी १९९१ मध्ये जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून उसळतोच आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जहाजातून तिथं तळाचे नमुने घेत होते, तेव्हा अचानक राख उडू लागली. ते मैलभर लांब थांबून बघत राहिले. एकेक उसळी पाच-दहा मिनिटांची. दिवसा नुसती राखच दिसे. अंधार पडल्यावर कळलं, की लालभडक लाव्हाचे फवारेही उडताहेत.

बघायला जायचं तर परवानगी काढून, बोटीतून, लांबूनच. बेटावर वस्ती नाही. रानटी झालेल्या शेळ्या मात्र आहेत. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही!