वाचकांचे प्रश्न : पुरातत्त्वाचा निबंध परत आला तर

प्रश्न : पीएच.डी. झाल्यावर प्रबंधातले खापरांवरचे प्रकरण मी एका नियतकालिकाकडे पाठवले. समीक्षकांकडे न पाठवताच संपादकांनी ते आठवड्याभरात परत केले. 'मुद्दा स्पष्ट होत नाही', एवढेच कारण दिले. सारांश सोबत जोडला आहे. आता एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवू का?
– एक संशोधिका

उत्तर : दोन ठिकाणी मुळीच पाठवू नका. निबंध दुसरीकडे विचाराधीन नाही, असे लिहून द्यावे लागते आणि ते खोटे ठरले तर दोन्ही दारे बंद होतात.

तुमचा सारांश मी दोनदा वाचला. पहिली पाच वाक्ये स्थळाचे स्थान, उत्खननाचे हंगाम आणि खापरांचे प्रकार सांगण्यात गेली आहेत. सहावे वाक्य मात्र मोलाचे आहे : लाल लेपाची खापरे आणि जाड काळी खापरे एकाच स्तरात सापडतात, त्यामुळे तिथे दोन वसाहती एकामागून एक झाल्या हे जुने मत टिकत नाही. तुमचा निबंध या वाक्यात आहे. ते वर आणा आणि त्याला आधार न देणारे सगळे काढून टाका. आपण सगळे पाहिले आहे, हे प्रबंधात परीक्षकांना दाखवावे लागते; नियतकालिकाचा वाचक तुमचा एक दावा तपासायला बसलेला असतो.

तो कसा तपासेल? पहिली शंका अशी की, ही खापरे खरोखर एकत्र होती, की नंतर खणलेल्या खड्ड्यामुळे किंवा उंदरा-घुशींच्या बिळांमुळे मिसळली? म्हणून चराच्या भिंतीचे छेदचित्र हवेच. स्तर गुंतागुंतीचे असतील तर हॅरिस मॅट्रिक्स, म्हणजे स्तरांच्या क्रमाची आकृतीही द्या. १९७३ पासून ही पद्धत वापरात आहे आणि कोणता स्तर आधीचा, कोणता नंतरचा हे त्यातून एका नजरेत कळते. कोष्टकात स्तरागणिक खापरांची संख्या आणि वजन दोन्ही असू द्या. एका मडक्याचे पन्नास तुकडे होऊ शकतात, त्यामुळे नुसती संख्या फसवी ठरते.

दुसरी शंका कालमापनाची, आणि इथे मला तुमची खरी काळजी वाटते. तुम्ही '३५०० ± ३० बीपी, म्हणजे इ.स.पू. १५५०' असे लिहिले आहे. असे लिहिता येत नाही. बीपी ('बिफोर प्रेझेंट', म्हणजे आजपूर्वीची) वर्षे १९५० पासून मागे मोजतात हे खरे, पण ज्यावरून वय काढतात त्या वातावरणातल्या रेडिओकार्बनचे (किरणोत्सारी कार्बनचे) प्रमाण सदैव सारखे नव्हते, म्हणून कॅलिब्रेशन (ज्ञात वयाच्या नमुन्यांशी ताडून तारखेची दुरुस्ती) करावेच लागते. ते केले की ही तारीख साधारण अडीचशे वर्षे मागे जाते. तुमचा सगळा वाद दोन वसाहतींच्या कालक्रमाचा असताना अडीचशे वर्षे म्हणजे सगळा निकालच. प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, मूळ बीपी तारीख, कॅलिब्रेशनला वापरलेला वक्र (उत्तर गोलार्धासाठी सध्या इंटकॅल२०), सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती आणि ९५.४ टक्के शक्यतेची कालमर्यादा, हे सगळे लिहा. नमुना कशाचा होता तेही सांगा. जुन्या झाडाच्या गाभ्यातला कोळसा असेल तर तारीख त्या लाकडाच्या वाढीची मिळते, चूल पेटल्याची नव्हे. जळालेले धान्य मिळाले असेल तर त्यावर जास्त विसंबा.

चित्रांबद्दल थोडेसे. खापरांच्या चित्राखाली '१:३' एवढेच लिहून भागत नाही, कारण छपाईत चित्र लहान-मोठे होते. मापनपट्टी चित्रातच काढा. नकाशावर उत्तर दिशा दाखवा. छायाचित्रे ३०० डीपीआयची चालतात, रेषाचित्रांना बहुधा १,००० किंवा त्याहून अधिक लागतात. नेमका आकडा त्या त्या नियतकालिकाच्या सूचनांत असतो.

कुठे पाठवायचे? 'अँटिक्विटी' १९२७ पासून जगभरच्या सर्व काळांच्या पुरातत्त्वासाठी चालते. दुसऱ्या खंडावर काम करणाऱ्यालाही तुमचा निष्कर्ष महत्त्वाचा वाटला पाहिजे. 'जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स' १९७४ पासून वैज्ञानिक पद्धतींवर भर देते. तुमचा वाद एका प्रदेशाच्या कालक्रमाचा आहे, म्हणून त्या प्रदेशाला वाहिलेले नियतकालिक मी आधी निवडेन. ज्यांचे मत तुम्ही खोडता आहात, ते तिथेच वाचतात. समीक्षा निनावी असेल तर आपले नाव, आभार आणि 'माझ्या प्रबंधात' यांसारखे उल्लेख काढा. फाइलच्या माहितीतही नाव राहते, तेही पुसा.

प्रश्न : एका संग्राहकाकडे न वाचलेल्या मुद्रा आहेत. त्या कुठून आल्या ते तो सांगत नाही. त्यांवर लिहू का?
– एक अभ्यासक

उत्तर : मालकीची जुनी कागदपत्रे आधी मागा. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारानंतर अनेक नियतकालिके अशा वस्तूंचे प्रथम प्रकाशन नाकारतात, आणि ते मला पूर्णपणे पटते. विद्वानाने लेख लिहिला की वस्तूची किंमत वाढते आणि चोरून खणणाऱ्याला पुढच्या खड्ड्याचे बळ मिळते. कागदपत्रे मिळाली नाहीत तर लिहू नका.