१८ पैकी १८, तरी पैकीच्या पैकी नाही

मंडळी, मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलमधल्या परफेक्ट पासर रेटिंगबद्दल (पासर रेटिंग म्हणजे पास टाकणाऱ्याला त्याच्या खेळावरून मिळणारे मार्क) मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की १५८.३ हा क्वार्टरबॅकला एका मॅचमध्ये मिळू शकणारा सगळ्यात मोठा आकडा. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतूनच इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या वेळी घेऊ, आजची पानं ह्यालाच देतो.

प्रश्न : नातू रात्र रात्र जागून हा खेळ बघतो. क्वार्टरबॅक म्हणजे नक्की कोण आणि इंटरसेप्शन झालं की तो डोक्याला हात का लावतो, तेवढं सांगा. (एक आजी, घोडबंदर रोड, ठाणे)

आजी, क्वार्टरबॅक म्हणजे बॉल हातात घेऊन पुढे कोणाला फेकायचा ते दोन-तीन सेकंदात ठरवणारा माणूस, समोरून तेवढ्यात चार-पाच धिप्पाड गडी त्याला पाडायला धावत येत असतात. आपल्या माणसाने तो हवेतच झेलला तर पास कम्प्लीट, खाली पडला तर इन्कम्प्लीट, आणि समोरच्या टीमच्या माणसाने झेलला तर इंटरसेप्शन, म्हणजे बॉलही गेला आणि पुढची खेळीही त्यांची. म्हणून तो डोक्याला हात. बॉल घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचले की टचडाऊन, त्याचे सहा पॉइंट. एवढं कळलं की नातवाशेजारी बसून बघा, त्याला फार बरं वाटेल.

प्रश्न : मी ऐरोलीला यूएस शिफ्टला आहे. आमच्या फ्लोअरवर भांडण चालू आहे की डेट्रॉइट लायन्सच्या जेरेड गॉफने १८ पैकी १८ पास कम्प्लीट केले, एकही चुकला नाही, तरी त्याचं रेटिंग १५५.८ कसं? मित्र म्हणतो वेबसाइटची चूक असणार. (एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

चूक नाहीये, आणि ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, कारण ती मॅच मी लाइव्ह बघितली आहे. ३० सप्टेंबर २०२४, तिकडे डेट्रॉइटला सोमवारची रात्र, इकडे आपल्याकडे मंगळवारची पहाट, पावणेसहाला सुरू. मी किचनमध्ये फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, एकीकडे दूध तापत होतं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथेच बाजूला पेन्सिलीने एकेका पासला एक रेघ मारत होतो. तिसरा क्वार्टर संपत आला तरी एकही फुली नाही, नुसत्या रेघा. दूध उतू गेलं तेव्हा रेघा चौदा की पंधरा होत्या, गॅस बंद केला आणि परत येऊन उभा राहिलो. शेवटी डेट्रॉइट लायन्सनी सिअ‍ॅटल सीहॉक्सना ४२-२९ हरवलं आणि गॉफच्या नावावर १८ पैकी १८, २९२ यार्ड, २ टचडाऊन, इंटरसेप्शन शून्य. एकही पास न चुकवता एका मॅचमध्ये इतके पास ह्याआधी कोणीच कम्प्लीट केले नव्हते.

आता हिशोब. रेटिंगमध्ये चार विषय असतात असं धरा. शंभरातले किती पास कम्प्लीट झाले, एका पासमागे सरासरी किती यार्ड मिळाले, शंभर पासमागे किती टचडाऊन, आणि शंभर पासमागे किती इंटरसेप्शन. प्रत्येक विषयात जास्तीत जास्त २.३७५ मार्क, त्याच्यावर कितीही केलंत तरी मार्क तेवढेच. चारही विषयांत पूर्ण मार्क मिळवायचे तर ७७.५ टक्के पास कम्प्लीट हवेत, एका पासमागे साडेबारा यार्ड हवेत, ११.८७५ टक्के पासवर टचडाऊन हवा आणि इंटरसेप्शन एकही नको.

गॉफचं बघा. कम्प्लीट १०० टक्के, पूर्ण मार्क. यार्ड एका पासमागे सोळाच्या वर, तिथेही पूर्ण. इंटरसेप्शन नाही, पूर्ण. टचडाऊन १८ पासमध्ये २, म्हणजे ११.११ टक्के, आणि हवे होते ११.८७५. तिथे २.३७५ च्या जागी २.२२ मार्क मिळाले आणि सगळी बेरीज करून १५५.८ वर गाडी थांबली. म्हणजे तो नापास वगैरे कुठेच नाही, एका विषयात जेमतेम ०.१५ मार्काने मागे राहिला आणि बाकीच्या विषयांत वर उरलेले मार्क इकडे आणून लावता येत नाहीत. दहावीला गणितात कितीही धो धो येत असलं तरी १०० च्या वर मार्क देत नाहीत आणि ते हिंदीत भरूनही काढता येत नाहीत, अगदी तसंच.

आणि मला सगळ्यात जास्त चुटपुट कशाची लागली माहितीये? त्या मॅचमध्ये गॉफचा तिसरा टचडाऊन होता! फक्त तो त्याने टाकलेला नव्हता, झेललेला होता. बॉल त्याच्या हातातून निघाला, फिरून अमॉन-रा सेंट ब्राऊनकडे गेला आणि ह्या रिसिव्हरने, म्हणजे एरवी पास झेलणाऱ्याने, उलट क्वार्टरबॅकलाच पास टाकला, गॉफ मोकळाच धावत होता. टचडाऊन झाला, पॉइंट मिळाले, पण पासर रेटिंगमध्ये पास झेलण्याला काही किंमत नाही. तो एक त्याने टाकलेला असता तर परफेक्ट झालं असतं.

असाच प्रकार बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनचा, १५ जानेवारी २०२२, बफेलोला कडाक्याच्या थंडीत न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची मॅच. २५ पैकी २१ पास, ३०८ यार्ड, ५ टचडाऊन, बफेलोच्या हातात पहिल्या सात वेळा बॉल आला, सातही वेळा टचडाऊन, असा खेळ मी तरी बघितला नाही. रेटिंग किती, तर १५७.६. का, तर २५ पासला साडेबाराच्या हिशोबाने ३१३ यार्ड लागत होते, पाच कमी पडले. पाच यार्ड म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास, आमच्या हॉलच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एखादा रिसिव्हर पडायच्या आधी दोन पावलं जास्त पळाला असता तरी पुरलं असतं.

ड्र्यू ब्रीजने तर १६ डिसेंबर २०१९ ला ३० पैकी २९ पास कम्प्लीट केले, त्याच रात्री करिअरमधल्या टचडाऊन पासचा पेटन मॅनिंगचा रेकॉर्डही मोडला, पण पास छोटे छोटे होते, यार्ड ३०७ च, म्हणून रेटिंग १४८.९. तेव्हा मित्राला सांगा वेबसाइट बरोबर आहे, आणि गॉफच्या त्या रात्रीला १५५.८ ने काही कमीपणा येत नाही हेही सांगा.

प्रश्न : १५८.३ असा अडनिडा आकडा कशाला? सरळ १०० का नाही ठेवला? (बँकेतून रिटायर झालेले एक वाचक, वाशी)

तुमच्यासारख्या हिशोबाच्या माणसाला हे आवडेल. एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, हे सूत्र १९७३ पासून लावलं, त्याआधी कोणाला लीगमधला पहिला पासर म्हणायचं ह्याचे नियम सारखे बदलत होते. सूत्र बसवण्यात प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचे डॉन स्मिथ होते. त्यांनी आधीच्या वर्षांचे आकडे समोर ठेवून असं ठरवलं की प्रत्येक विषयात साधारण खेळाला १ मार्क आणि रेकॉर्डच्या तोडीच्या खेळाला २. तेव्हा साधारण म्हणजे ५० टक्के पास कम्प्लीट, पासमागे ७ यार्ड, ५ टक्के टचडाऊन, साडेपाच टक्के इंटरसेप्शन. चारही ठिकाणी १ मिळाला की बेरीज ४, तिला ६ ने भागून १०० ने गुणायचं, ६६.७ येतात. रेकॉर्डच्याही वर कोणी गेला तर म्हणून २.३७५ पर्यंत सवड ठेवली. चार वेळा २.३७५ म्हणजे ९.५, भागिले ६, गुणिले १००, झाले १५८.३३.

म्हणजे १०० हा आकडा वरचं टोक म्हणून कोणाच्या डोक्यातच नव्हता, १०० म्हणजे तेव्हा फार चांगला पासर. आता खेळ बदललाय, छोटे पास खूप टाकतात, ५० टक्के कम्प्लीट करणाऱ्याला आज बेंचवर बसवतील, पण फूटपट्टी तीच १९७३ ची. त्यामुळे जुन्या आणि नव्या खेळाडूंचे रेटिंग शेजारी ठेवून ह्याच्यापेक्षा तो भारी असं म्हणू नका, हे मी कळकळीने सांगतोय, कारण जुन्या लोकांवर फार अन्याय होतो.

अजून एक विचित्र गोष्ट तुम्ही स्वतः कागदावर करून बघा. क्वार्टरबॅकने सगळेच्या सगळे पास मुद्दाम जमिनीवर आपटले, एकही कम्प्लीट नाही, तरी इंटरसेप्शन नाही म्हणून त्या एका विषयाचे २.३७५ मिळतात आणि रेटिंग येतं ३९.६. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

प्रश्न : परफेक्ट रेटिंग सगळ्यात जास्त वेळा कोणाचं? आणि सुपर बोलमध्ये कोणी केलंय का? (एक कॉलेजकुमार, कळवा)

बेन रॉथलिसबर्गर आणि लमार जॅक्सन, दोघांच्याही रेग्युलर सीझनमध्ये चार चार. जॅक्सनच्या २०१९ च्या एकाच सीझनमध्ये दोन, मग ३१ डिसेंबर २०२३ ला एक आणि ३ नोव्हेंबर २०२४ ला डेन्व्हरविरुद्ध चौथी, १९ पैकी १६, २८० यार्ड, ३ टचडाऊन. जॅक्सनबद्दल एक सांगायलाच हवं की त्याचं अर्धं कौशल्य ह्या आकड्यात येतच नाही. सिनसिनाटीविरुद्धच्या परफेक्ट मॅचमध्ये तो स्वतः बॉल घेऊन ४७ यार्ड पळाला, मध्येच गर्रकन गिरकी घेतली आणि दोन-तीन जण हवेत हात मारत राहिले, तो टचडाऊन रेटिंगमध्ये शून्य, कारण तो पास नव्हता.

सुपर बोलमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, क्वार्टरबॅकचं परफेक्ट रेटिंग अजून कोणाचंच नाही. जवळ आला तो फिल सिम्स, जानेवारी १९८७, २५ पैकी २२, रेटिंग १५०.९.

पण मला तुला रॉथलिसबर्गरचा एक सीझन दाखवायचाय. सप्टेंबर २००५, सीझनची पहिली मॅच, टेनेसी टायटन्सविरुद्ध ११ पास टाकले, ९ कम्प्लीट, २१८ यार्ड, २ टचडाऊन, परफेक्ट १५८.३. तोच सीझन संपला फेब्रुवारी २००६ च्या सुपर बोलला, तिथेही कम्प्लीट पास बरोब्बर ९, पण २१ पैकी, टचडाऊन पास एकही नाही, इंटरसेप्शन दोन. रेटिंग २२.६! सगळे पास जमिनीवर आपटले असते तरी ३९.६ मिळाले असते. आणि त्या रात्री त्याची टीम, पिट्सबर्ग स्टीलर्स, २१-१० ने जिंकली. एक टचडाऊन त्याने स्वतः बॉल घेऊन घुसून केला, आणि दुसरा अँटवान रँडल एल नावाच्या रिसिव्हरने पास टाकून, कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या ह्या माणसाने ४३ यार्डांचा एकच पास हाइन्स वॉर्डला टाकला आणि तो थेट टचडाऊन. कागदावर त्या एका पासचं रेटिंग १५८.३ येतं. म्हणूनच परफेक्टच्या यादीत धरायला निदान दहा पास टाकलेले असावे लागतात.

तेवीस वर्षांचं ते पोरगं, रॉथलिसबर्गर, एवढ्या मोठ्या मॅचमध्ये घाबरलं होतं, हात चालत नव्हता, आणि टीमने त्याला सांभाळून घेतलं. मला त्याच्या चार परफेक्ट मॅचपेक्षा ही मॅच जास्त वेळा बघावीशी वाटते.

प्रश्न : मी शाळेत पीटी शिकवतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे म्हणून मुलामुलींना शिकवायला घेतलंय. प्रत्येकाचं पासर रेटिंग काढून फळ्यावर लावू का? (एक शिक्षक, नेरूळ)

सर, पहिल्यांदा तुम्हाला मनापासून शाबासकी, पाच पाच जणांची टीम, पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढली की झालं, आपल्याकडच्या मैदानांना हा खेळ अगदी जमणारा आहे.

पण रेटिंग फळ्यावर लावू नका. एक तर मुलं एका मॅचमध्ये सात-आठ पास टाकणार, एका पासने आकडा चाळीसने वर-खाली होतो. दुसरं, चांगला टाकलेला बॉल झेलणाऱ्याच्या हातातून सुटला तरी इन्कम्प्लीट टाकणाऱ्याच्या नावावर, आणि सुटून दुसऱ्याने पकडला तर इंटरसेप्शनही टाकणाऱ्याच्याच नावावर. उलट दोन यार्डाचा सोपा पास घेऊन एखादी मुलगी पन्नास यार्ड पळाली तर ते सगळे यार्डही टाकणाऱ्याचे. मोठ्यांना हे माहीत असतं, सहावीतल्या पोराला फळ्यावरचा आकडा तेवढा दिसतो.

त्यापेक्षा वही करा आणि एकेका पासला तीन खुणा ठेवा, बॉल झेलता येईल असा आला का, झेलला का, आणि झेलल्यावर किती पळाले. पहिली खूण टाकणाऱ्याची, पुढच्या दोन झेलणाऱ्याची. महिन्याभराने वही उघडली की कोणाला टाकण्याची प्रॅक्टिस द्यायची आणि कोणाला झेलण्याची ते तुम्हाला लगेच दिसेल. पावसाळ्यात बॉल ओला असताना वेगळं पान ठेवा, ओल्या बॉलवर लहान हातांची पकड बसत नाही आणि तो दोष मुलांचा नसतो. आणि हो, टाकायची पाळी सगळ्यांना द्या, मुलींनाही, ऑलिम्पिकमध्ये त्यांची स्पर्धा वेगळी आहे.