मोबाईल असताना हॅम रेडिओ कशाला?

प्रश्न : आमच्या भागात रविवारी पहाटे दहा किलोमीटरची धावण्याची शर्यत आहे. संयोजकांनी हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे परवाना काढून हौसेखातर वायरलेसवर बोलणाऱ्यांना, बोलावलंय. सगळ्यांच्या खिशात मोबाईल असताना त्यांचं काम काय? मला आणि नववीतल्या मुलीला मदत करायची आहे, पण परवाना नाही. जमेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जमेल ताई. फक्त सेटचं बोलायचं बटण तुम्ही दाबायचं नाही, ते परवानाधारकाचं काम.

आता मोबाईलचं. समजा, सात रस्त्यावर कोणी चक्कर येऊन पडलं. फोनवर तुम्ही एकाला सांगणार, तो दुसऱ्याला, दुसरा ॲम्ब्युलन्सच्या चालकाला. त्यात एकाचा फोन हमखास व्यस्त. रेडिओवर एकदा बोललं की डफरीन चौकातला, पार्क स्टेडियमवरचा, सगळे एकदमच ऐकतात. शिवाय सेट ते सेट थेट बोलणं, मध्ये कंपनीचा टॉवर नाही. आमचे हातातले सेट बहुधा पाच वॅटचे, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारे. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, इमारती आडव्या आल्या की आवाज खरखरतो. म्हणून कंट्रोलचा, म्हणजे सगळ्यांचे निरोप सांभाळणाऱ्या मुख्य सेटचा, अँटेना उंच गच्चीवर लावतात. सेट कमरेला अडकवून बोलणाऱ्यांना मी टोकतोच. तोंडापुढे उभा धरा, की अँटेनाही उभा राहतो!

बोलणं असं चालतं : "कंट्रोल, सात रस्ता." "सात रस्ता, बोला." "बिब ४१२, पोटरीत गोळा, शुद्धीत आहे, ॲम्ब्युलन्स नको, गाडी पाठवा." बस्स. बिब म्हणजे धावपटूच्या छातीवरचा नंबर, तोच सांगायचा; धावपटूचं नाव हवेवर घ्यायचं नाही. रिसीव्हर असलेला कुणीही ते ऐकू शकतो. आणि कंट्रोलने पुकारल्याशिवाय मध्ये घुसायचं नाही. गप्पिष्ट माणसाला हेच सगळ्यात जड जातं, मी स्वतःवरून सांगतो.

तुमचं काम वहीचं. ऑपरेटरचा कान सेटला असतो, तेव्हा वेळ, बिब नंबर, काय झालं, कुणाला कळवलं हे लिहायला शेजारी माणूस लागतो. शेवटचा धावपटू कुठे आहे, हे तर सारखं विचारलं जातं. मुलीला बिब वाचायला उभं करा, लांबचे आकडे पोरांना पटकन दिसतात. टोपी आणि पाणी न्या, आपल्याकडे नऊलाच ऊन चटकतं. मानधनाचं विचारू नका, हा छंद मोबदल्याशिवायच करायचा असतो. पोहे मात्र चालतात.

मुलीला गोडी लागली तर परवान्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते; बारा वर्षं पूर्ण लागतात, नववीतल्या मुलीची ती झालेलीच असणार. त्यात थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची सांकेतिक लिपी, फक्त वरच्या, म्हणजे जनरल श्रेणीला लागतं. परवाना हाती येईपर्यंत ऑनलाइन दिसणारा स्वस्त सेट घेऊन देऊ नका. त्याआधी तो बाळगणंही नियमात बसत नाही.