टॅपेट पुन्हा पुन्हा सैल होते. कॅमशाफ्ट झिजला आहे हे कसे ठरवावे आणि तो बदलताना काय पाहावे?

आपल्या प्रश्नातील मुद्दे थोडक्यात असे: खानापूर तालुक्यात चालणारी कार्बोरेटरची जुनी ओम्नी, पुढच्या आसनाखालून येणारी टिकटिक, मेस्त्रींनी टॅपेट सेट केल्यावर काही दिवस शांतता आणि मग पुन्हा तोच आवाज, चढावर मिसिंग (एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकणे), मधूनच कार्बोरेटरमधून येणारा फटका आणि आता ‘कॅम गेला, हाफ इंजिन करावे लागेल’ (खालचे इंजिन उघडून रिंगा-बेअरिंगांचे काम) असा सल्ला. मी बेळगावात इंजिनदुरुस्तीचेच काम करतो. या लक्षणांवरून कॅमशाफ्टवर संशय घेणे मला योग्य वाटते; परंतु तो झिजला आहे हे मोजून सिद्ध व्हायचे आहे, आणि हाफ इंजिनचा निर्णय तर त्यानंतरच्या वेगळ्या तपासणीवर अवलंबून आहे.

सर्वाधिक घोळ जिथे होतो ती गोष्ट आधी सांगतो. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, त्यावरचा उंचवटा म्हणजे लोब, आणि लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारी तरफ म्हणजे रॉकर. टॅपेट सेट करणे म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट नेमून दिलेल्या मापाला आणणे. टॅपेटची फट मोजताना रॉकर कॅमच्या लोबच्या गोल पाठीवर असतो. लोब झिजतो तो मात्र मुख्यतः टोकावर, कारण व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना स्प्रिंगचा सर्वांत जास्त दाब तिथेच पडतो. त्यामुळे टोक बरेच घासून गेलेले असले तरी फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) पाठीवरची फट अगदी बरोबर दाखवू शकतो, आणि व्हॉल्व्ह मात्र पुरेसा उघडत नसतो. फिलर गेजने कॅमची झीज कळत नाही, हे म्हणूनच ध्यानात ठेवावे. मग आपले टॅपेट पुन्हा पुन्हा सैल का होते? लोबचा कठीण थर तुटला की तो खरखरीत पृष्ठभाग रॉकरचा पॅड (लोबवर टेकणारा भाग) कानशीप्रमाणे घासत राहतो. पॅड खाली गेला की फट वाढते. फट नेहमी एकाच व्हॉल्व्हची वाढत असेल तर ती खूण महत्त्वाची आहे. सहाही व्हॉल्व्हच्या फटी थोड्याथोड्या वाढल्या असतील तर ती बहुधा वयाची झीज असते.

याच कारणासाठी एक सावधगिरी हवी. आवाज बंद व्हावा म्हणून काही जण फट नेमून दिलेल्या मापापेक्षा कमी ठेवतात. टिकटिक थांबते खरी, परंतु इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, विशेषतः एक्झॉस्टचा, आणि तो जळतो. असे झाल्यावर कॅमच्या खर्चात व्हॉल्व्ह आणि सीटचा खर्च मिळवावा लागतो.

कव्हर उघडण्यापूर्वी इतर शक्यता बाजूला काढाव्यात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले तरी अशीच टिकटिक ऐकू येते. ती बहुधा थंड इंजिनावर मोठी असते आणि इंजिन तापल्यावर कमी होते, शिवाय गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघ दिसते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे व्हॉल्व्हचा आवाज संथ असतो: आयडलिंग ९०० फेऱ्यांवर असेल तर एका टॅपेटचे मिनिटाला ४५० ठोके. खालून येणारा जड, घणासारखा ठोका बेअरिंगचा असतो. तो येत असल्यास गाडी तिथेच थांबवावी. त्यानंतर रबरी हातमोजे घालून एकेका प्लगची टोपी काढून पाहावी, मात्र काढलेल्या टोपीत जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवावा. ज्या सिलिंडरची टोपी काढल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर कमजोर आहे.

आता तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजावे. त्यांच्या मापांत चौरस सेंटिमीटरला १ किलोपर्यंतचा फरक चालतो. एकाचे बरेच कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. माप चढले तर पिस्टनच्या रिंगा सैल आहेत. चढले नाही तर दोष वर, व्हॉल्व्ह किंवा कॅमकडे आहे. इनटेकचा लोब झिजल्यास सिलिंडर पुरता भरत नाही आणि माप घसरते. एक्झॉस्टचा लोब झिजल्यास जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही, आणि पुढच्या क्षणी इनटेक व्हॉल्व्ह उघडला की तो उलट कार्बोरेटरकडे फेकला जातो. आपल्याला चढावर ऐकू येणारा फटका हाच असण्याची शक्यता अधिक आहे, मात्र प्रज्वलनाचे टायमिंग आणि पेट्रोलचे मिश्रण ठीक असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

पुढची पायरी टॅपेट कव्हर उघडण्याची. आसन उचलून कव्हर काढावे आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने हळूहळू फिरवावे. चांगल्या लोबवर काचेसारखी, एकसारखी चमक असते आणि नखाला काहीही अडकत नाही. झिजलेल्या लोबचे टोक बोथट व चपटे दिसते, त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात किंवा आडव्या रेघा उमटलेल्या असतात, आणि रॉकरच्या पॅडच्या दोन्ही कडांना न घासलेल्या धातूची धार राहिलेली असते. डोळ्यांवर न विसंबता डायल गेज व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरील टोपीवर टेकवावे, त्या व्हॉल्व्हची फट शून्य करावी आणि पूर्ण फेरीत व्हॉल्व्ह किती मिलिमीटर खाली जातो ते लिहून घ्यावे. तीन इनटेकची मापे आपसांत आणि तीन एक्झॉस्टची आपसांत ताडावीत. दोन मापे जुळतात आणि तिसरे अर्ध्या मिलिमीटरने कमी आहे, असे आढळले तर निदान झाले. ॲडजस्टिंग स्क्रूचे टोकही त्याच वेळी पाहावे: त्यात वाटीसारखा खळगा पडला असेल तर फिलर गेजची सपाट पट्टी खळग्याच्या काठांवर टेकते, खरी फट मोजलीच जात नाही, आणि आवाज ‘सेट करूनही’ चालूच राहतो.

एकदा सुरू झालेली झीज इतक्या वेगाने का वाढते, हे आपल्या भागात फाउंड्रीत काम केलेल्यांना चटकन कळेल. बरेचसे कॅमशाफ्ट चिल्ड कास्ट आयर्नचे असतात. साच्यात लोबच्या जागी धातूचे चिल (उष्णता झटकन ओढून घेणारे तुकडे) बसवल्यामुळे ओतलेले लोखंड तिथे झपाट्याने थंड होते आणि बाहेरचा थर अतिशय कठीण होतो. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये अशा प्रकारचे शाफ्ट मोटार कंपन्यांसाठी मोठ्या प्रमाणावर ओतले जातात. हा थर शाबूत असेपर्यंत कॅम लाखभर किलोमीटर सहज टिकतो. तो फुटला की आतले लोखंड तुलनेने मऊ असल्यामुळे लवकर संपते. वेल्डिंगने लोब भरून देणारे कारागीर भेटतात, परंतु तो मूळ थर आणि मूळ आकार दोन्ही परत मिळणे कठीण असते. ओम्नीसारख्या गाडीसाठी नवा कॅम घ्यावा असेच माझे मत आहे.

हाफ इंजिनबद्दल. लोबमधून निघालेला चुरा तेलाबरोबर संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) जातो, तिथून जाळी, पंप आणि फिल्टर या क्रमाने पुढे सरकतो. फिल्टर ठीक असल्यास तो बहुतेक चुरा बेअरिंगपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतो. फिल्टर तुंबला की त्याची बायपास झडप उघडते आणि न गाळलेले तेल थेट पुढे जाते. म्हणून जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहावा. लोहचुंबकाला चिकटणारी काळी पूड कॅम आणि रॉकरची असू शकते, तर तांबूस किंवा चंदेरी, चुंबकाला न चिकटणारे कण बेअरिंगचे असू शकतात. तापलेल्या इंजिनावर तेलाचा दाब गेज लावून मोजावा. दाब मापात असेल, खालून ठोका नसेल आणि कॉम्प्रेशनमध्ये रिंगांचा दोष नसेल, तर खालचे इंजिन उघडण्याचे कारण मला दिसत नाही. संप उतरवून जाळी धुणे पुरेसे आहे. मेस्त्रींना या मापांविषयी आदराने पण स्पष्टपणे विचारावे.

कॅम का झिजला हे न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. या इंजिनात लोब आणि रॉकरचा पॅड एकमेकांवर घासत चालतात, मध्ये रोलर नाही, त्यामुळे सगळी भिस्त तेलावर असते. आपली गाडी गावातल्या गावात छोट्या फेऱ्या करते आणि हिवाळ्यात सकाळी चोक ओढून बराच वेळ उभी चालू असते, असे आपण लिहिले आहे. अशा वापरात न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, तेल पातळ होते आणि तेलातील पाणी उडून जाण्याइतके इंजिन तापत नाही. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तेलाच्या झाकणाखाली साचणारा पिवळसर फेस या पाण्याचाच असतो. मात्र कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटही तपासावे. अशा पाणी-पेट्रोल मिसळलेल्या तेलातून होणारा गाळ रॉकर शाफ्टची बारीक भोके बुजवतो. तेलाचा प्रकारही पाहावा: २००४ च्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जाच्या श्रेणीपासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवता येतो, आणि झिंक-फॉस्फरसचे मिश्रण हेच घासणाऱ्या कॅमचे संरक्षण करते. गाडीच्या हँडबुकात चालत असलेले २०डब्ल्यू-४० यासारखे जाड तेल या इंजिनाला अधिक मानवते.

प्रत्यक्ष बदलताना हेड (कॅम आणि व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून बाकावर घेणे मला सोयीचे वाटते, कारण कॅम लांबीच्या दिशेने सरकवून बाहेर काढावा लागतो आणि ओम्नीत तेवढी मोकळी जागा मिळणे अवघड असते. आधी बॅटरीची जोडणी काढावी, टायमिंगच्या खुणा जुळवाव्यात, सगळे ॲडजस्टिंग स्क्रू सैल करावेत आणि मगच रॉकर शाफ्ट ओढावेत. कॅमचे जर्नल (हेडच्या भोकांत फिरणारे गोल भाग) आणि हेडमधील त्याची भोके बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एखाद्या मशीन शॉपमध्ये मोजून घ्यावीत. भोकेच ओरखडली असतील तर नवा कॅम तेलाचा दाब धरणार नाही. रॉकर सहाही नवे घ्यावेत. जुना पॅड नव्या लोबवर चालवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. शाफ्टची भोके तारेने मोकळी करून हवेने फुंकावीत, लोब व पॅडवर मॉलिब्डेनमचा असेंब्ली पेस्ट लावावा, आणि टायमिंग बेल्ट, टेन्शनर व ऑइल सील त्याच खेपेला बदलावेत. बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. कुठे अडले तर जोर न लावता बेल्ट उतरवावा.

नवे तेल आणि फिल्टर घालून, कॉइलची तार काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा वेळ स्टार्टर मारावा. नंतर इंजिन सुरू होताच ते आयडलिंगवर न ठेवता १५०० ते २००० फेऱ्यांवर सुमारे वीस मिनिटे चालवावे, कारण आयडलिंगला लोबवर तेल कमी पडते आणि दाब जास्त असतो. लगेच तेल व फिल्टर बदलावा. हजार किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर सहाही फटी मोजून वहीत लिहून ठेवाव्यात. पुन्हा एकच फट वाढलेली आढळली तर स्क्रू आवळण्यापूर्वी कव्हर काढून, कॉइलची तार सोडून स्टार्टर मारावा आणि त्या रॉकरपाशी तेल येते का ते पाहावे.