वडील खुल्या प्रवर्गातले, वाढवलं आईनं. मग जात कोणाची?

प्रश्न : आई अनुसूचित जातीची, वडील खुल्या प्रवर्गातले. मी दोन वर्षांची असताना ते सोडून गेले. मी आजोळी, आईच्या वस्तीत वाढले. शाळेच्या दाखल्यावर मात्र वडिलांची जात आहे. प्रांत कार्यालयाने 'जात वडिलांकडून येते' असं लिहून माझा जातीच्या दाखल्याचा अर्ज फेटाळला. काय करू?

उत्तर : ताई, नकाराचा आदेश हातात कधी पडला, ती तारीख आधी पाहा. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ५ खाली तिथून ३० दिवसांत अपील करायचं असतं.

आदेशातलं ते वाक्य अर्धंच खरं आहे. मुलाची जात वडिलांची असं गृहीत धरतात, वडील खुल्या प्रवर्गातले असले तर जास्तच. पण हे गृहीतक खोडता येतं. रमेशभाई नाईका विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तसं स्पष्ट म्हटलं. तिथे आई अनुसूचित जमातीची होती. मूल आईकडे वाढलं का, वडिलांच्या जातीचा फायदा त्याला मिळाला का, आईच्या समाजाची अवहेलना त्याच्याही वाट्याला आली का, आणि बाहेरचे लोक त्याला कोणाचं मानतात, हे पाहायचं.

शेवटच्या दोन मुद्द्यांवरच प्रकरण तरतं नाहीतर बुडतं. 'मला खूप भोगावं लागलं' एवढं प्रतिज्ञापत्रात चालत नाही. कोणाच्या लग्नात पंगतीला वेगळं बसवलं, कोणत्या इयत्तेत कोण काय बोललं, खोली नाकारताना घरमालकाने काय विचारलं, ते लिहा. वस्तीबाहेरचा एखादा साक्षीदार, तुमचे जुने शिक्षक म्हणा, मिळाले तर फार उत्तम.

कागदांमध्ये आईचा जातीचा दाखला (दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीने दिलेलं वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही), आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतली त्यांची नोंद) आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून ते घराणं महाराष्ट्रातलं असल्याचा पुरावा लागेल. आजोळच्या रेशनकार्डावर तुमचं नाव असेल तर तेही लावा. शाळेतली नोंद बदलून घ्यायच्या फंदात पडू नका. ती कोणी केली ते सरळ सांगा.

एक गोष्ट स्पष्टच विचारतो. वडील फीचे पैसे पाठवत होते का? सुट्टीत काका-आत्यांकडे जाणं होतं का? असेल तर लपवू नका. कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सिद्ध करायचा भार तुमच्यावर आहे आणि दाखला मिळाल्यावर तो तपासताना पडताळणी समितीचं दक्षता पथक (चौकशी करणारे लोक) गावात येऊन शेजाऱ्यांना विचारतं. समितीनेही नाकारलं, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे. पण तिथे नवा पुरावा सहसा घेत नाहीत, म्हणून सगळं आत्ताच जोडा.